दहा विजय दोघांचेही, मग एकच पुढे का?

बेलव्ह्यू, वॉशिंग्टन राज्य
दि. १४ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर फोनवर देण्याजोगे नाही, त्यासाठी कागदच हवा, म्हणून हे पत्र. अमेरिकन फुटबॉलच्या गेल्या हंगामात आमच्या सिएटल सीहॉक्सने १७ पैकी १० सामने जिंकले, लॉस एंजेलिस रॅम्सनेही १७ पैकी १०च जिंकले, तरी रॅम्स गटविजेते म्हणून प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, गेले आणि सीहॉक्सचा हंगाम तेथेच संपला. हा अन्याय नव्हे काय, असे आपण विचारलेत. माझे मत असे की हा अन्याय नाही. आपण इतकी वर्षे शाळेत गणित शिकवलेत, तेव्हा आकडे हातचे न राखता देतो.

प्रथम स्पर्धेची रचना सांगतो. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या येथील व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत. त्यांच्या १६-१६ च्या दोन कॉन्फरन्स आहेत आणि प्रत्येक कॉन्फरन्समध्ये चार-चार संघांच्या चार डिव्हिजन, म्हणजे गट, आहेत. प्रत्येक कॉन्फरन्समधून सात संघ प्लेऑफमध्ये जातात. चार डिव्हिजनचे विजेते पहिल्या चार मानांकनांवर बसतात आणि उरलेल्यांतील सर्वोत्तम तीन संघांना ‘वाइल्ड कार्ड’ म्हणून पाचवे, सहावे आणि सातवे मानांकन मिळते. पहिल्या मानांकनाच्या संघाला पहिल्या फेरीत खेळावेच लागत नाही. बाकीच्या सामन्यांत ज्याचे मानांकन वरचे, त्याच्या मैदानावर सामना होतो. केवळ अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, आधीच ठरलेल्या ठिकाणी होतो. घरच्या मैदानाचे मोल किती असते ते मायामी डॉल्फिन्सला विचारावे. २०२३ च्या हंगामात त्यांचे आणि त्यांच्याच डिव्हिजनमधील बफलो बिल्सचे प्रत्येकी ११ विजय झाले. परंतु बफलोने त्यांना दोन्ही सामन्यांत हरवले होते, म्हणून बफलोला दुसरे मानांकन मिळाले आणि डॉल्फिन्स सहाव्यावर घसरले. परिणामी फ्लोरिडाच्या उबेत वावरणाऱ्या त्या संघाला जानेवारीत कॅन्सस सिटीला जाऊन उणे २० अंश सेल्सिअस तापमानात खेळावे लागले आणि ते २६-७ असे हरले.

आता मूळ अडचण पाहा. १७ सामन्यांत ३१ प्रतिस्पर्ध्यांशी खेळणे अशक्य आहे. त्यामुळे प्रत्येक संघ आपल्या डिव्हिजनमधील तिघांशी दोन-दोन, म्हणजे सहा सामने खेळतो. आपल्याच कॉन्फरन्समधील आणखी एका पूर्ण डिव्हिजनशी चार आणि दुसऱ्या कॉन्फरन्समधील एका डिव्हिजनशी चार सामने होतात. उरलेले तीन सामने मागील वर्षी आपापल्या डिव्हिजनमध्ये ज्यांनी आपल्याइतकेच स्थान मिळवले, त्यांच्याशी असतात. म्हणजे कोणाच्या वाट्याला कठीण परीक्षक येतात, कोणाच्या वाट्याला सौम्य. अशा स्पर्धेत दहा विजय आणि दहा विजय यांचे वजन सारखेच असेल असे गृहीत धरता येत नाही, आणि नियम करणाऱ्यांनीही ते गृहीत धरलेले नाही. एकाच डिव्हिजनमधील दोन संघांची बरोबरी झाली तर ती सोडवण्यासाठी त्यांनी एकापुढे एक बारा निकष लावून ठेवले आहेत. जेथे फरक पडतो तेथे थांबायचे, पुढचा निकष पाहायचाच नाही.

सिएटल आणि रॅम्स यांच्या बाबतीत ही वाट बरीच लांब चालावी लागली. पहिला निकष अर्थातच परस्परांमधील सामन्यांचा आहे. नोव्हेंबरमध्ये सिएटलच्या मैदानावर रॅम्स जादा वेळेत २६-२० असे जिंकले होते, तर हंगामाच्या शेवटच्या दिवशी सिएटलने त्यांना त्यांच्याच घरी ३०-२५ असे हरवले, म्हणजे एक-एक. दुसरा निकष डिव्हिजनमधील सहा सामन्यांचा. तेथे दोघांचेही चार विजय आणि दोन पराभव. तिसरा निकष समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धच्या सामन्यांचा. अशा १२ सामन्यांत दोघांचेही सात विजय आणि पाच पराभव. चौथा निकष कॉन्फरन्समधील १२ सामन्यांचा. तेथेही दोघांचे सहा विजय, सहा पराभव. चार चाळण्यांतून दोघेही सारखेच खाली आले, आणि निर्णय पाचव्या चाळणीवर आला. तिला येथे ‘स्ट्रेंग्थ ऑफ व्हिक्टरी’ म्हणतात, म्हणजे ज्यांना आपण हरवले त्या संघांनी स्वतः किती सामने जिंकले याची बेरीज.

ही बेरीज मी आपल्यासाठी मांडतो. ज्या संघाला दोनदा हरवले त्याचे विजय दोनदा धरायचे. रॅम्सने हरवलेले संघ आणि त्या संघांचे हंगामातील विजय असे: मिनेसोटा व्हायकिंग्ज १४, बफलो बिल्स १३, सिएटल १०, ॲरिझोना कार्डिनल्स ८, सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्स दोनदा म्हणून ६ अधिक ६, न्यू ऑर्लिन्स सेंट्स ५, न्यूयॉर्क जेट्स ५, न्यू इंग्लंड पेट्रियट्स ४ आणि लास व्हेगास रेडर्स ४. एकूण ७५. सिएटलने हरवलेल्यांत डेन्व्हर ब्रॉन्कोजचे १०, रॅम्सचे १०, ॲरिझोनाचे दोनदा ८, मायामीचे ८, अटलांटा फाल्कन्सचे ८, सॅन फ्रान्सिस्कोचे ६, शिकागो बेअर्सचे ५, जेट्सचे ५ आणि पेट्रियट्सचे ४. एकूण ७२. दहा प्रतिस्पर्ध्यांचे प्रत्येकी १७ सामने, म्हणून छेद दोन्हीकडे १७०. म्हणजे रॅम्सचे प्रमाण ०.४४१ आणि सिएटलचे ०.४२४. संपूर्ण हंगामाचा निकाल या तीन विजयांच्या फरकावर ठरला, आणि त्या तीन विजयांपैकी एकही या दोघांनी स्वतः मिळवलेला नव्हता.

याचा परिणाम मोठा विलक्षण झाला. रॅम्सचे गटविजेतेपद ज्या रात्री निश्चित झाले, त्या रात्री रॅम्स मैदानावरच नव्हते. २९ डिसेंबर २०२४ रोजी देशाच्या दुसऱ्या टोकाला, मेरीलँडमध्ये, वॉशिंग्टन कमांडर्सनी अटलांटा फाल्कन्सना जादा वेळेत ३०-२४ असे हरवले. सिएटलने ऑक्टोबरमध्ये फाल्कन्सना हरवलेले होते, त्यामुळे फाल्कन्सचा प्रत्येक विजय सिएटलच्या खात्यात जमा होणार होता. त्याच शनिवार-रविवारी बफलो आणि मिनेसोटा जिंकले आणि रॅम्सची बेरीज वाढली. डेन्व्हर सिनसिनाटीकडून हरले आणि सिएटलची बेरीज तेथेच अडली. फाल्कन्स हरताच सिएटलचा उरलासुरला मार्ग बंद झाला. म्हणूनच शेवटच्या सामन्यात रॅम्सने आपल्या मुख्य खेळाडूंना विश्रांती दिली, आणि सिएटलने तो सामना जिंकूनही उपयोग झाला नाही. येथील लोक फार हळहळले, मीही हळहळलो. तरीही मला ही पद्धत पटते, आणि का पटते ते सांगणे हाच या पत्राचा खरा हेतू आहे.

आपल्याकडे आयपीएलमध्ये गुण आणि विजय सारखे झाले की नेट रनरेट पाहतात, म्हणजे कोण किती फरकाने जिंकला वा हरला हे मोजतात. एनएफएलने हा विचार मुद्दाम मागे ढकलला आहे. पाचव्या निकषानंतर सहावा निकष येतो तो आपल्या सर्वच प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांचा. केलेले आणि दिलेले गुण यांचा विचार सातव्या निकषापासून सुरू होतो, त्यानंतर गुणांची निव्वळ वजाबाकी, मग टचडाउनची (म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन केलेल्या गुणनोंदींची), आणि अगदी शेवटी, बाराव्या जागी, नाणेफेक. ‘तू किती मोठ्या फरकाने जिंकलास’ या प्रश्नाआधी ‘तू कोणाला हरवलेस’ हा प्रश्न सहा प्रकारे विचारून घेतला जातो. याचा लाभ दुबळ्या संघांना होतो, कारण हरत असलेल्या संघावर शेवटच्या मिनिटापर्यंत गुणांची रास रचण्याने मानांकनात जवळजवळ काहीच हाती लागत नाही. आणि हा खेळ शरीराची इतकी मोडतोड करणारा आहे की निकाल लागल्यावर प्रशिक्षकाने आपले मोहरे बाकावर बसवावेत, यातच सर्वांचे हित आहे. रॅम्सने व्हायकिंग्ज आणि बिल्स या दोन बलाढ्य संघांना हरवले होते, सिएटल या दोघांकडूनही हरले होते. बेरजेतला फरक तेथूनच आला आणि तो खेळातलाच फरक आहे.

पहिल्याच निकषाचे एक उदाहरण मला त्याहून प्रिय आहे. २०२२ च्या हंगामात सातव्या मानांकनासाठी सिएटल, डेट्रॉईट लायन्स आणि ग्रीन बे पॅकर्स असे तिघे झगडत होते. शेवटच्या दिवशी, ८ जानेवारी २०२३ रोजी, सिएटलने दुपारी रॅम्सना जादा वेळेत १९-१६ असे हरवले आणि त्याबरोबर लायन्सचा मार्ग संपला, कारण ऑक्टोबरमध्ये डेट्रॉईटमध्ये झालेला सामना सिएटलने ४८-४५ असा जिंकलेला होता आणि बरोबरी झाली तरी परस्परांमधला निकाल सिएटलच्याच बाजूने होता. रात्री लायन्सची गाठ पॅकर्सशी, त्यांच्याच मैदानावर होती. पॅकर्स जिंकते तर कॉन्फरन्समधील कामगिरी सरस ठरून तेच आत गेले असते आणि सिएटल बाहेर पडले असते. म्हणजे सिएटलचे सारे भवितव्य अशा संघाच्या हाती होते, ज्याला स्वतःला त्या सामन्यातून काहीही मिळणार नव्हते आणि ज्याला नुकतेच सिएटलमुळेच बाहेर पडावे लागले होते. लायन्स तो सामना जीव ओतून खेळले आणि २०-१६ असे जिंकले. नियम कितीही बारकाईने लिहिले तरी ते शेवटी अशा प्रामाणिक खेळण्यावरच उभे असतात, आणि त्या रात्री लायन्सविषयी माझ्या मनात जो आदर निर्माण झाला तो आजही आहे.

या व्यवस्थेतील एक गोष्ट मात्र मला पटत नाही. डिव्हिजन जिंकणाऱ्याला पहिल्या चारांत जागा ठरलेली, मग त्याचे विजय कितीही कमी असोत. गेल्या हंगामात मिनेसोटा व्हायकिंग्जनी १४ सामने जिंकले आणि तीनच गमावले. पण त्यांच्याच डिव्हिजनमध्ये लायन्सचे १५ विजय झाले, म्हणून व्हायकिंग्जना पाचवे मानांकन मिळाले आणि दहाच विजय मिळवणाऱ्या, चौथ्या मानांकनाच्या रॅम्सचे पाहुणे म्हणून जावे लागले. (लॉस एंजेलिसच्या वणव्यांमुळे तो सामना ॲरिझोनात हलवला गेला, रॅम्स तो २७-९ असे जिंकले.) डिव्हिजनच्या विजेत्याला प्रवेश अवश्य द्यावा, परंतु क्रम विजयांवरूनच लावावा, असे मला वाटते. लायन्सने यंदा नेमका असाच प्रस्ताव मांडला होता, पण पुरेसा पाठिंबा न मिळाल्याने मे महिन्यात तो मागे घेतला. सिएटलने अशी तक्रार करावी का, असे आपण विचाराल, कारण २०१० च्या हंगामात हेच सीहॉक्स सात विजय आणि नऊ पराभव अशा स्थितीत डिव्हिजन जिंकले होते! तेव्हाही बरोबरी रॅम्सशीच होती, परस्परांत एक-एक विजय होता, आणि डिव्हिजनमधील चार विजय तीन विजयांपुढे सरस ठरले. मग ११ विजय मिळवलेले गतविजेते न्यू ऑर्लिन्स सेंट्स सिएटलला पाहुणे म्हणून आले आणि ४१-३६ असे हरले. त्या सामन्यात मार्शॉन लिंचने ६७ यार्ड धावून टचडाउन केले, तेव्हा प्रेक्षकांच्या जल्लोषाची थरथर भूकंपमापकांवर नोंदली गेली. हे सारे मला ठाऊक आहे, आणि तरी माझे मत तेच आहे.

तिघांची बरोबरी झाली तर काय करतात, हे आपण विचारले नव्हते, पण गणिताच्या दृष्टीने तोच भाग सर्वांत सुंदर आहे, म्हणून लिहितो. २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को, डॅलस काउबॉइज आणि डेट्रॉईट या तीन डिव्हिजनच्या विजेत्यांचे प्रत्येकी १२ विजय होते. सॅन फ्रान्सिस्कोने डॅलसला हरवले होते, डॅलसने डेट्रॉईटला २०-१९ असे हरवले होते, परंतु सॅन फ्रान्सिस्को आणि डेट्रॉईट यांची गाठच पडली नव्हती. तिघांपैकी एकाने उरलेल्या दोघांनाही हरवलेले असेल, किंवा एक जण दोघांकडूनही हरलेला असेल, तरच परस्परांमधले निकाल धरतात. येथे तसे नव्हते, म्हणून तो निकष बाजूला ठेवून कॉन्फरन्समधील कामगिरी पाहिली. तेथे सॅन फ्रान्सिस्कोचे १० विजय आणि दोन पराभव, म्हणून पहिले मानांकन त्यांना मिळाले. आता उरलेल्या दोघांसाठी त्याच ठिकाणाहून पुढे जायचे नाही, तर पुन्हा पहिल्या निकषापासून सुरुवात करायची. दोघेच उरल्यामुळे परस्परांमधला निकाल पुन्हा लागू झाला, आणि त्या एका गुणाच्या विजयावर डॅलस दुसरे, डेट्रॉईट तिसरे ठरले.

गेल्या हंगामाचा संपूर्ण निकालतक्ता सोबत छापून पाठवत आहे. काकूंना नमस्कार आणि मुलांना अनेक आशीर्वाद. आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला आज्ञाधारक पुतण्या