इंग्रजीतले गोंधळ आणि मराठीचा तास

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या विद्यार्थी पुरवणीत गोंधळात टाकणाऱ्या इंग्रजी शब्दांवर जे साप्ताहिक सदर येते, ते मी नियमित वाचते. बत्तीस वर्षे माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे असे सदर दिसले की हात आपोआप लाल पेनाकडे जातो, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. गेल्या आठवड्यात या सदरात व्याकरणाच्या संज्ञा घेतल्या होत्या. 'ॲक्टिव्ह व्हॉइस म्हणजे कर्तरी प्रयोग आणि पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग' असे सांगून कर्मणीचे उदाहरण म्हणून 'रामाने आंबा खाल्ला' हे वाक्य दिले होते. मराठी व्याकरणाप्रमाणे हे वाक्य कर्मणी आहे, यात वाद नाही. परंतु त्याला पॅसिव्ह व्हॉइस म्हणणे चूक आहे, आणि ही चूक इतकी जुनी व इतकी सर्वत्र आहे की तिच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

ही चूक मी स्वतः कितीतरी वर्षे फळ्यावर लिहीत होते. एका वर्षी दहावीच्या वर्गात चौथा तास मराठीचा आणि पाचवा माझा होता. योगायोगाने मराठीच्या सरांनी त्याच दिवशी प्रयोग शिकवले आणि मी व्हॉइस घेतला. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी दोन्ही वह्या उघडून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, सरांनी हे वाक्य कर्मणी सांगितलं. तुम्ही त्याचं 'राम एट अ मँगो' केलंत आणि ते ॲक्टिव्ह आहे म्हणालात. मग मधल्या सुट्टीत नक्की काय बदललं, राम की आंबा?" वर्ग हसला. मीही हसले आणि "उद्या सांगते" असे म्हणून वेळ मारून नेली. शिक्षकांच्या खोलीत मराठीचे सर आणि मी समोरासमोरच्या टेबलांवर बसत असू. पण दोघांच्या विषयांत एकच शब्द दोन अर्थांनी चालतो, हे आम्हाला त्या मुलीने दाखवून द्यावे लागले.

उत्तर तसे अवघड नाही. मराठीत प्रयोग ठरतो तो क्रियापद कोणाचे ऐकते यावरून. रामाने आंबा खाल्ला, आंबे खाल्ले, चिंच खाल्ली. रामाच्या जागी सीता आली तरी क्रियापद ढिम्म हलत नाही, ते लिंग आणि वचन घेते कर्माचे, म्हणून तो कर्मणी प्रयोग. अर्थाच्या दृष्टीने मात्र वाक्य रामाचेच आहे. इंग्रजीचा व्हॉइस ठरतो तो क्रिया कोणाच्या बाजूने सांगितली आहे यावरून. कर्ता पुढे असेल तर ॲक्टिव्ह; कर्म पुढे येऊन कर्ता मागे सरला किंवा नाहीसाच झाला, तर पॅसिव्ह. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जाणारे मराठी वाक्य हवेच असेल, तर ते 'रामाकडून आंबा खाल्ला गेला' असे होईल, ज्याला आपली शालेय पुस्तके नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात. आणि 'रामाने रावणास मारले' यासारख्या भावे प्रयोगाला, जिथे क्रियापद कर्ता किंवा कर्म कोणाचेच ऐकत नाही, तर इंग्रजीत जोडीदारच नाही.

घोळ झाला कसा, हेही पाहण्यासारखे आहे. संस्कृतात 'रामेण आम्रं खादितम्' ही खरोखरच पॅसिव्हसारखी रचना होती आणि तिला कर्मणि प्रयोग म्हणणे यथार्थ होते. मराठीचा भूतकाळ त्याच रचनेतून उतरला. शतकानुशतकांच्या वापराने तिचा अर्थ सरळ कर्त्याकडे वळला, पण क्रियापदाचे कर्माशी जुळणे राहिले आणि त्याबरोबर नावही राहिले. 1836 साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले, तेव्हापासून आपल्या व्याकरणावर एका अंगाने संस्कृतची आणि दुसऱ्या अंगाने इंग्रजीची छाया आहे. अशा घरात संस्कृत नावाला इंग्रजी अर्थ चिकटला, तर नवल नाही.

आता शब्दांच्या जोड्यांकडे वळते. आपल्या सदरात त्या वर्णानुक्रमे येतात, त्यामुळे सगळे गोंधळ एकाच जातीचे आहेत असे वाटते. तसे ते नाहीत. काही गोंधळ आपल्या लिपीमुळे होतात. दुकानाच्या पाटीवर आपण 'स्टेशनरी' लिहितो, त्यातून वह्या-पेन्सिली विकणारी स्टेशनरी आणि जागचे न हलणारे स्टेशनरी यांतला फरक कळण्याचा मार्गच नाही. इंग्रजीत एकीच्या शेवटी 'ई-आर-वाय' आणि दुसऱ्याच्या शेवटी 'ए-आर-वाय' असते. (हे पत्र देवनागरीत लिहिताना मला अक्षरे सुटी करून सांगावी लागत आहेत, यातच सगळे आले.) गंमत म्हणजे मुळात हे दोन्ही शब्द एकाच घरातले. मध्ययुगीन युरोपात फेरीवाले गावोगाव हिंडत, आणि विद्यापीठाजवळ एका जागी दुकान मांडून पुस्तके विकणाऱ्याला 'जागेवर असलेला' या अर्थाने स्टेशनर म्हणत. ही हकीकत एकदा सांगितली की मुले स्पेलिंग सहसा विसरत नाहीत.

'लूज' या शब्दाची कथा आणखी वेगळी. सैल या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा उच्चार 'लूस' असा आहे आणि हरवणे या अर्थाच्या शब्दाचा शेवट घोषयुक्त, आपल्या 'ज'कडे झुकणारा आहे. आपण मात्र स्क्रूही लूज म्हणतो आणि कपडेही लूज म्हणतो, म्हणजे सैल वस्तूला हरवण्याचा उच्चार देतो. मग मॅच हरल्याचे वाक्य लिहिताना मूल दोन 'ओ' घालते, त्यात त्याचा काय दोष? सल्ला आणि सल्ला देणे या अर्थाच्या 'ॲडव्हाइस' व 'ॲडव्हाइझ' या जोडीतही नेमका हाच 'स' आणि 'झ'चा फरक आहे. तो कानाने शिकवायचा आहे आणि आपण तो डोळ्यांनी पाठ करून घेतो.

दुसऱ्या जातीचे गोंधळ मराठीच्या रचनेतून येतात. 'बॉरो' आणि 'लेंड' यांत विद्यार्थी हमखास चुकतो, कारण आपण उसने घेतो आणि उसनेच देतो. दिशा 'घेणे-देणे' सांगते, 'उसने' सांगत नाही. "सर, प्लीज बॉरो मी युवर पेन" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते चूक वाटेनासे झाले होते. त्यातही एखादे चौकस पोर विचारते, की घर भाड्याने देताना आणि घेताना इंग्रज एकच 'रेंट' कसे वापरतो, आणि त्याचे म्हणणे खोडता येत नाही. 'सिन्स' आणि 'फॉर'चे तसेच. सोमवारपासून, तीन वर्षांपासून. मराठीला एकच 'पासून' पुरतो, म्हणून 'सिन्स थ्री इयर्स' लिहिले जाते. शिवाय आपण 'तीन वर्षांपासून येथे राहतो' असे वर्तमानकाळात म्हणतो, म्हणून इंग्रजीतला काळही सोबत चुकतो. 'काल पत्र लिहिले आहे' हे मराठीत बिनदिक्कत चालते. इंग्रजीच्या प्रेझेंट परफेक्टला मात्र 'काल' सोसत नाही. 'पूर्ण वर्तमानकाळ' एवढे नाव दोन्हीकडे सारखे सांगून भागत नाही, ते यामुळेच.

परंतु जिथे मराठी आडवी येत नाही, उलट हात देते, तिथेही आपण तिला वर्गाबाहेर उभे करतो, आणि माझी खरी तक्रार ही आहे. 'राइज' आणि 'रेझ', 'लाय' आणि 'ले', 'सिट' आणि 'सेट', 'फॉल' आणि झाड तोडून पाडणे या अर्थाचा 'फेल' या जोड्या इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशा लोकांनाही चकवतात. मराठी मुलाला त्या चकवण्याचे काही कारण नाही. उठणे-उठवणे, निजणे-निजवणे, बसणे-बसवणे, पडणे-पाडणे! आपल्या प्रयोजक, म्हणजे दुसऱ्याला क्रिया करायला लावणाऱ्या, क्रियापदांची ही नेमकी भावंडे आहेत. सोनार अंगठीत खडा बसवतो आणि वैद्य निखळलेले हाड बसवतो. इंग्रजीतही या दोन्ही कामांना 'सेट'च म्हणतात. पडणे आणि पाडणे यांत जसा आतला स्वर बदलतो, तसाच तो 'फॉल' आणि 'फेल' यांत बदलतो, आणि हे साम्य केवळ योगायोगाचे नाही: संस्कृतातील पतति-पातयति ही जोडी आणि इंग्रजी ज्या कुळातली, त्या जर्मानिक भाषांतील या जोड्या एकाच पुरातन प्रयोजक रचनेच्या शाखा आहेत, असे भाषाशास्त्र सांगते. 'फॉल'चा भूतकाळ पुन्हा 'फेल'च आणि 'लाय'चा भूतकाळ 'ले', ही इंग्रजीची अडचण उरतेच. पण पडला आणि पाडला यांतला भेद ज्या मुलाच्या जिभेवर आहे, त्याला ती ओलांडणे सोपे जाते. मी हे तुलनेने उशिरा शिकवू लागले, याची खंत आहे.

जेरंड आणि पार्टिसिपल यांचेही तसेच. 'स्विमिंग' हा एकच शब्द कधी नाम आणि कधी विशेषण कसा, हे इंग्रजीतल्या इंग्रजीत समजावताना घाम फुटतो. मराठीत 'पोहणे' आणि 'पोहणारा' असे दोन वेगळे शब्दच आहेत, आणि धातुसाधित नाम व धातुसाधित विशेषण ही त्यांची नावे स्वतःचा अर्थ स्वतःच सांगतात. वाक्य मराठीत करून पाहावे. 'पोहणे' आले तर जेरंड, 'पोहणारा' किंवा 'पोहत' आले तर पार्टिसिपल. अगदी प्रत्येक ठिकाणी हे चालेल असे नाही, तरी शाळेच्या पातळीवर बहुतेक वाक्ये सुटतात.

राहता राहिला तिसरा प्रकार, म्हणजे खुद्द इंग्रजांनी घातलेला गोंधळ. 'इट्स' या शब्दात मालकी दाखवताना वर स्वल्पविराम नसतो आणि 'इट इज'चे संक्षिप्त रूप लिहिताना तो असतो, हा नियम आपण अशा थाटात सांगतो की जणू तो अनादी आहे. 1787 साली लिहिलेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेच्या मूळ प्रतीत मालकीच्या 'इट्स'वर तो स्वल्पविराम आहे. त्या काळी तसे लिहिण्याची रीतच होती. हे सांगितल्याने विद्यार्थ्याला परीक्षेत चुकण्याची मुभा मिळत नाही, पण चुकल्यावर मान खाली घालण्याचे कारणही राहत नाही. 2000 सालापासून आपल्याकडे मराठी माध्यमातही पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यामुळे पूर्वी पाचवीत होणारी ही मान खाली घालण्याची सुरुवात आता चार वर्षे आधी होते, एवढेच.

तेव्हा माझी विनंती दोन गोष्टींची आहे. सदरातील प्रत्येक जोडीशेजारी अर्थाबरोबर एकेक मराठी वाक्य द्यावे आणि गोंधळ लिपीचा, रचनेचा की मूळ इंग्रजीचाच, हे एका ओळीत सांगावे. दुसरे म्हणजे, व्हॉइस आणि प्रयोग यांविषयीची दुरुस्ती पुढच्या भागात ठळकपणे छापावी. शाळेच्या फलकावर पुरवणीची कात्रणे लागतात, आणि गेल्या आठवड्याचे कात्रण आमच्या गावातल्या शाळेत लागलेले मी मंगळवारी स्वतः पाहिले आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका,
जि. सातारा