स्वस्त लॅपटॉप घेताना...

महोदय,

प्रवेशाच्या दिवसांत वीस-पंचवीस हजारांत लॅपटॉप शोधणाऱ्या पालकांची फसगत बहुतेक वेळा 'नवा' या शब्दावर होते. या किमतीच्या अनेक नव्या यंत्रांत इंटेलचा कमी ताकदीचा सेलेरॉन प्रोसेसर, मदरबोर्डावरच सोल्डर करून कायमची जोडलेली 4 जीबी रॅम आणि 64 जीबी ईएमएमसी (एसएसडीपेक्षा संथ प्रकारची) साठवण असते. विंडोजचे दोन-चार अपडेट आले की जागा संपते, आणि रॅम पुढे वाढवता येत नाही. मुलाला चार वर्षे हेच वापरायचे असते, हे विसरू नये.

त्यापेक्षा कंपन्यांनी वापरून काढलेले लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड किंवा एचपीचे एलिटबुक लॅपटॉप घ्यावेत. मात्र प्रोसेसरचा क्रमांक पाहावा. इंटेलचा आय5-8250यू आठव्या पिढीचा, तर आय5-7200यू सातव्या. विंडोज 10 चा नियमित आधार (सुरक्षा अपडेट) 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि इंटेलच्या सातव्या पिढीला, मोजके अपवाद सोडता, विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. दुकानदार 'आय5 आहे' एवढेच सांगतो. किमान 8 जीबी रॅम आणि 256 जीबी एसएसडी हवीच.

पैसे देण्यापूर्वी विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून 'डिझाइन कपॅसिटी' (नवी असतानाची क्षमता) आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' (आता उरलेली क्षमता) ताडून पाहा. 50,000 च्या जागी 28,000 दिसले, तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून घ्या. बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रणालीला) जुन्या कंपनीचा पासवर्ड नाही ना, हेही तपासा. तो काढणे फार खर्चिक पडते. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या, नाहीतर वॉरंटी नावापुरतीच.

– एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक, पुणे