मिऱ्याच्या वासाचं प्रकरण

प्रिय सुध्या,

तुझे फोन घेतले नाहीत, त्या लांबलचक मेसेजलाही उत्तर नाही. तेव्हा आधी शिव्या घालून घे. तब्येत बरी आहे, गुडघा होता तसाच. पण शनिवारी जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.

स्टेक केला होता. चांगला साडेतीन सेंटिमीटर जाड. आदल्या रात्री मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडाच ठेवला, म्हणजे वरून कोरडा होतो; ओलं मांस टाकलं की तव्याची सगळी धग पाणी उडवण्यात जाते आणि रंग धरतच नाही. धने, जिरं, मिरी जाडसर कुटून लावली. (ओरडू नकोस. मिरी जाड ठेवली आणि पहिल्या चटक्यानंतर आच उतरवली की जळत नाही.) मिरची मात्र मुद्दाम टाळली, कारण तिखटावर वाईन प्यायली की अल्कोहोलनं तोंडाची आग आणखी भडकते. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवला आणि मिनिटामिनिटाला पलटत राहिलो. ‘एकदाच पलटायचा, नाहीतर रस जातो’ म्हणे! भाजल्यानं रस आत कोंडला जातो ही एकोणिसाव्या शतकातल्या लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या वेळची समजूत, कधीच खोटी ठरलेली. तू आणि लीबिग, दोघंच उरलात. शेवटी लोणी-लसूण, आत ५२ अंश झाल्यावर उतरवला. पुढचे तीन-चार अंश तो ताटलीत स्वतःच चढतो.

इथवर मी राजा. मग माधवीनं शिराझ, म्हणजे ती लाल वाईन, ओतली, ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाली, “अय्या, हिला मिऱ्याचा वास येतोय!” तिची बहीणही म्हणाली, हो की. मी हुंगतोय, हुंगतोय. जांभळट फळं, थोडं लाकूड. मिरी नाही म्हणजे नाही. मागे एका रात्री शिराझला मिरीचा वास येतो असं तू शपथेवर सांगत होतास आणि मी सगळ्यांदेखत तुला थापाड्या म्हटलं होतं, आठवतंय ना?

सुध्या, रात्रभर झोप नाही. नाक चाललं की काय माझं? मी तर नाकानंच रांधतो. जिरं कधी उतरवायचं, लोणी कधी करपायला लागलं, सगळं तेच सांगतं. पहाटे उठून मसाल्याची डबी एकेक करून हुंगत बसलो; माधवी दारात उभी राहून बघत होती. लवंग, वेलची, अगदी मिरीसुद्धा स्वच्छ आली! मग शोधलं. शिराझमधल्या मिरीच्या वासाचं मूळ रोटंडोन नावाचं द्रव्य. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये छापलं. तेच द्रव्य खऱ्या मिरीतही असतं. आणि त्यांच्या चाचणीत पाचातल्या एकाला ते भरपूर घालूनही जाणवलं नाही. तो पाचवा मी. मिरीत इतर वासही असतात, म्हणून डबीतली कळते.

म्हणजे नाक शाबूत. पण आता भलताच किडा डोक्यात शिरलाय. मी ज्याला मिरी म्हणतो ती तुमची मिरी नव्हेच. मग पाहुण्यांच्या स्टेकवर ‘अजून थोडी हवी’ म्हणत मी दळतो तेव्हा त्यांच्या नाकात काय होत असेल? कुणी बोललं कसं नाही? तू बोलला असतास, पण तुझं ऐकतो कोण. मांसाच्या प्रथिनांनी आणि मिठानं वाईनचा तुरटपणा मवाळ होतो हे मी छातीठोक सांगतो, ते जिभेवर कळतं. वासाबद्दल मात्र तोंड उघडायची आता भीती वाटते. शनिवारपासून मिरी दळताना माधवीला हाक मारतो. ती म्हणते, पुरे. मला अळणी लागतं.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, आणि धाकट्याचा दात आला का ते कळव.

आलास की तीन ग्लास भरीन, दोनांत एकच वाईन, तिसऱ्यात शिराझ. डोळ्यांवर रुमाल बांधून तिसरा ओळखायचा. ओळखलास तर शब्द मागे घेतो. तोवर थापाड्याच.

तुझा,
बंड्या