कार्यशाळा नको, सकाळचे दोन तास द्या

माननीय शिक्षणमंत्री महोदय यांस,

स. न. वि. वि.

मुख्याध्यापकांसाठी तणाव व्यवस्थापनाची एक दिवसाची कार्यशाळा सक्तीची केल्याचे पत्र नुकतेच मिळाले. उपस्थितीचा अहवाल विहित नमुन्यात त्याच सायंकाळी सादर करावा, अशी सूचनाही त्यात होती. हेतूबद्दल शंका नाही, मात्र दुखणे दुसरीकडे आहे.

गेल्या महिन्यात एका नव्या शिक्षिकेचा पाठ पाहायला मी मागच्या बाकावर बसलो होतो. चार हा तीनपेक्षा मोठा, मग एक चतुर्थांश हा एक तृतीयांशाहून लहान कसा, असे एका मुलीने विचारले आणि बाई खडू हातात धरून क्षणभर थांबल्या. नेमका तेव्हाच शिपाई निरोप घेऊन दारात आला: पटसंख्या तासाभरात कळवा. तीच पटसंख्या त्या महिन्यात निराळ्या रकान्यांत दोनदा कळवून झाली होती. मी उठलो. पाठ पाहिल्याची नोंद ठेवतो त्या लॉगबुकात त्या दिवशीची फक्त तारीख आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी २०१९ मध्ये स्वीकारली गेली, ‘बर्नआउट’ची गणना आजारात केलेली नाही, कामाच्या ठिकाणचा जुनाट ताण नीट न हाताळल्याने येणारी अवस्था, अशी त्याची नोंद आहे. त्याआधी १९७९ मध्येच रॉबर्ट कॅरासेक या संशोधकाने दाखवले होते की, जिथे कामाचा रेटा मोठा आणि स्वतः निर्णय घेण्याची मुभा थोडी, तिथे माणूस अधिक खचतो. आमची खुर्ची नेमकी अशीच आहे. छत गळले तर पालकांना उत्तर मी देतो, दुरुस्तीची मंजुरी मात्र दुसऱ्याची. शिक्षकाची जागा रिकामी राहिली तर तो तास मी घेतो, नेमणुकीत माझा शब्द चालत नाही.

यात माझाही दोष आहे, हे लपवत नाही. रात्री अकराच्या संदेशाला मी लगेच उत्तर देतो, कारण एखाद्या शिक्षकाशी अवघड विषयावर बोलण्यापेक्षा रकाने भरणे सोपे असते.

म्हणून विनंती एवढीच की, एकदा दिलेली माहिती विभागाने पुन्हा मागू नये, किरकोळ दुरुस्तीचा अधिकार शाळेकडे असावा आणि सकाळचे पहिले दोन तास, मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न वगळता, कोणत्याही कार्यालयाने मुख्याध्यापकाला बोलावू नये. त्या वर्गात मला पुन्हा जायचे आहे. तिथे आता अपूर्णांक संपून दशांश सुरू झाले आहेत.

आपला विश्वासू,
एक मुख्याध्यापक