तुझा कॉम्प्युटर रात्री काय करतो?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. एका गोष्टीबद्दल नीट लिहायचं होतं, म्हणून उत्तराला उशीर झाला.

माझ्या मावशीचं तुला माहीतच आहे. अल्झायमरच्या शेवटच्या दोन वर्षांत तिच्या हातात कायम एक टॉवेल असायचा. घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची. कोपऱ्याला कोपरा जुळत आला की हात मध्येच थांबायचे आणि ती माझ्याकडे बघायची. ती गेल्यावर वाचनात आलं, की या आजारात मेंदूतल्या काही प्रथिनांची घडीच बिघडते आणि त्यांच्या गुठळ्या साचत जातात. तेव्हापासून तो टॉवेल माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

म्हणून मी 'फोल्डिंग ॲट होम'मध्ये शिरलो. हा प्रकल्प २००० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाला. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. तिची घडी कशी पडते, कुठे चुकते, हे कॉम्प्युटरवर पावलापावलाने मांडून बघतात. एकेक पाऊल दोन-चार फेम्टोसेकंदांचं. सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केलेस, तर त्यातला एक म्हणजे फेम्टोसेकंद! मिलिसेकंदभराची हालचाल बघायची तरी शेकडो अब्ज पावलं टाकावी लागतात. एका प्रयोगशाळेच्या आवाक्यातलं हे काम नाही. म्हणून त्याचे तुकडे पाडून घरोघरच्या कॉम्प्युटरना वाटतात. या तुकड्याला आम्ही 'युनिट' म्हणतो.

पहिल्याच महिन्यात माझ्याकडून एक चूक झाली. एक युनिट ६१ टक्क्यांवर असताना कॉम्प्युटर बंद केला आणि प्रवासाला निघून गेलो. परत आलो तोवर मुदत उलटून ते काम दुसऱ्या कुणाकडे गेलं होतं. एवढ्याने काय बिघडतं, असं मला वाटलं. आमच्या टीममधल्या एका ताईंनी समजावलं, "पुढचं युनिट मागचं जिथे संपतं तिथूनच सुरू होतं. तुम्ही अडलात की तुमच्या पुढची अख्खी साखळी खोळंबते." लवकर परत आलेल्या युनिटला जास्त गुण मिळतात ते याचसाठी. त्या दिवसापासून हाती घेतलेलं युनिट मी अर्धवट सोडलेलं नाही.

टीममध्ये आम्ही अकरा जण आहोत. बहुतेकांना मी पाहिलेलंही नाही, पण मागच्या महिन्यात माझी युनिटं लागोपाठ फसायला लागली तेव्हा त्यांतलाच एक जण रात्री एक वाजेपर्यंत माझ्याबरोबर जागला. त्याने लॉग, म्हणजे प्रोग्रामने ठेवलेली कामाची नोंद, मागवून घेतला आणि ही गणितं करणारं ग्राफिक्स कार्ड तापतंय म्हणून सांगितलं. पेटी उघडली तर पंख्याच्या पात्यांवर धुळीचा जाड थर! मऊ ब्रशने झाडून काढल्यावर तापमान ८३ अंशांवरून ६८ वर आलं. एकटा असतो, तर मी त्याच रात्री सगळं काढून टाकलं असतं.

२०२० च्या वसंतात करोनामुळे इतकी माणसं यात आली, की सगळ्यांची मिळून ताकद एक एक्साफ्लॉपच्या वर गेली. म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतकी गणितं. तेव्हाच्या कुठल्याही महासंगणकाची तेवढी ताकद नव्हती. विषाणूवरचं काट्यासारखं प्रथिन कसं उघडतं, हे त्या गणितांतून दिसलं. घरात अडकून पडलेल्या लोकांनी ते केलं, याचं मला अजूनही भरून येतं.

औषध उद्या मिळेल असं मी म्हणत नाही. विजेचं बिल वाढतं, खोलीही तापते. मी रात्री सहा तास चालवतो आणि कार्डाला पूर्ण ताकद देत नाही. लॅपटॉपवर मात्र चालवू नकोस, त्याला ती उष्णता सोसत नाही.

व्हिडिओच्या कामासाठी घेतलेला तुझा तो मोठा कॉम्प्युटर आता नुसताच उभा असतो ना? त्यातलं ग्राफिक्स कार्ड माझ्या कार्डापेक्षा कितीतरी तगडं आहे. आम्हाला बारावा माणूस हवा आहे, आणि तो तू असावास असं मला मनापासून वाटतं. मावशी तुलाही वाढदिवसाला न चुकता पत्र लिहायची.

टीमचा नंबर वेगळा कळवतो. कॉम्प्युटरवर प्रोग्राम बसवायला घेशील तेव्हा फोन कर. पहिलं युनिट उतरेपर्यंत मी फोनवर थांबतो.

तुझाच