बेड नंबर चारच्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,

बाबांना जाऊन परवा तीन महिने झाले. आभार तेव्हाच मानायला हवे होते, पण त्या दिवशी तोंडातून शब्द फुटत नव्हता. आज हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आयसीयूबाहेरच्या बाकड्यांवर माझ्यासारखी माणसं रोज बसलेली असतात.

मेंदूत रक्तस्राव होऊन बाबा पडले तेव्हा 81 वर्षांचे होते. अकराव्या दिवशी ट्रेकिओस्टॉमीसाठी, म्हणजे घशाला छिद्र पाडून नळी बसवायला, आमची सही मागितली. शुद्धीवर येण्याची आशा नाही, हेही त्याच दिवशी सांगितलं. दादा म्हणत होता, "सही करून टाक, नाहीतर लोक म्हणतील बापाला मारलं." मी पर्स घट्ट धरून बसले होते. त्या पर्समध्ये बाबांचं लिव्हिंग विल होतं, म्हणजे बरं होण्याची आशा नसेल तर यंत्रांवर जगवत ठेवू नका, असं आधीच लिहून ठेवलेलं इच्छापत्र. अकरा दिवस मी ते बाहेर काढलं नव्हतं.

9 मार्च 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं असं इच्छापत्र मान्य केलं, तेव्हापासून बाबांच्या मनात ते होतं. पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, म्हणून राहून गेलं. 24 जानेवारी 2023 च्या आदेशानं ती अट गेली आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालू लागला. बातमी वाचल्यावर महिन्याभरात बाबांनी दोन साक्षीदार घेऊन नोटरी गाठला. जन्मभर एसटी चालवलेला माणूस. प्रत माझ्या हातात देताना म्हणाले, "गाडी डेपोत लागली की ड्रायव्हरला उतरू द्यायचं, बाळा."

हे सगळं माहीत असूनही मला तो कागद म्हणजे शिक्षेचा हुकूम वाटत होता, आणि तो वाचून दाखवणारी मी.

त्या रात्री तीनच्या सुमाराला तुम्ही मला आत घेतलंत. बाबांची पाठ पुसत होतात. "बाबा, आता डाव्या कुशीवर वळूया हं," असं त्यांना सांगून मग वळवलंत. किती दिवसांत त्यांच्याशी कोणी बोललं नव्हतं, मीसुद्धा नाही. टॉवेल पिळता पिळता तुम्ही विचारलंत, "असं काही झालं तर काय करायचं, ते बाबा कधी बोलले होते का?" तोवर जो तो विचारत होता, तुमचं काय ठरलं? बाबांचं काय म्हणणं होतं, हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. मी पर्स उघडली.

तुम्ही कागद वाचलात आणि परत माझ्या हातात दिलात. "आधी दादांना दाखवा, मग सकाळी मोठ्या डॉक्टरांना." दादानं बाबांची सही पाहिली आणि पहिल्यांदा रडला.

पुढचे सहा दिवस फार जड गेले. उपचार थांबवायचे तर आधी इथल्या तीन डॉक्टरांचं मंडळ, मग वेगळ्या तीन डॉक्टरांचं दुसरं, त्यातला एक जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. दुसरं मंडळ जमेपर्यंत जीव मेटाकुटीला आला. तरीही एकट्या माणसाच्या शब्दावर हे होत नाही, याचा आज मला आधार वाटतो.

त्या दिवसांत मला सारखी अरुणा शानबाग आठवायची. हल्ल्यानंतर भान हरपून अंथरुणाला खिळलेल्या आपल्या त्या सहकारी मुलीला मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी 1973 ते 2015 जपलं, बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, होऊ दिला नाही, आणि तिचं अन्न थांबवायला ठाम नकार दिला. 2011 च्या निकालात न्यायालयानंही त्यांचंच म्हणणं मानलं. मला वाटायचं, परिचारिका म्हणजे हात धरून ठेवणाऱ्या. मग आमच्या या कागदाकडे त्या कशा बघतील? तुम्ही मात्र शेवटच्या दिवशीही बाबांना दर दोन तासांनी कूस बदलून दिलीत.

तोंडातली श्वासाची नळी काढण्याआधी तुम्ही त्यांची दाढी केलीत. मॉनिटरचा आवाज बंद केलात. "घशात घरघर होईल, ती साठलेल्या लाळेची. धाप लागू नये म्हणून मॉर्फिन सुरू आहे," हे आधीच सांगितलंत, म्हणून ती घरघर ऐकूनही आई घाबरली नाही. नियम बाजूला ठेवून आम्हा चौघांना आत राहू दिलंत. आईनं गंगाजळाची बाटली काढली तेव्हा नाही म्हणाला नाहीत. गॉजची घडी त्यात भिजवून तिच्या हातात दिलीत, "तोंडात घालू नका आई, ओठांना नुसती टेकवा." पावणेपाच तास बाबा आपल्या श्वासानं होते. आई ओठ ओले करत होती, दादा पाय चेपत होता.

बाबा गेल्यावर दादानं तुम्हाला विचारलं, "आम्ही बरोबर केलं ना?" तुम्ही उत्तर दिलं नाहीत. बाबांचा चष्मा फडक्यानं पुसलात आणि त्याच्या हातात ठेवलात. तो चष्मा अजून त्याच्या टेबलावर आहे.

गेल्या आठवड्यात आईनंही स्वतःचं इच्छापत्र केलं. तिनं तुमच्यासाठी डिंकाचे लाडू केलेत. रविवारी तुमची ड्यूटी कोणती, तेवढं कळवा. आम्ही दोघी येतो.

तुमची,
बेड नंबर चारच्या बाबांची मुलगी