अण्णांचं 'पाणी'

पॅरिस, रविवार

वहिनींना नमस्कार,

दादाला फोनवर सांगायला गेलं की तो मधेच "रेंज नाही" म्हणतो, म्हणून तुम्हाला लिहितोय. अण्णांजवळ बसून मोठ्यानं वाचा. त्यांना सगळं कळतं.

मागच्या रविवारी व्हिडिओवर ते "पाणी, पाणी" करत होते. तुम्ही तांब्या आणला, त्यांनी तो डाव्या हातानं लोटला आणि पोरं हसली. वहिनी, त्यांना तहान नव्हती. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका बसल्यापासून तोंडात तो एकच शब्द उरलाय. चष्म्यापासून बैलापर्यंत सगळं त्यांना त्यातच सांगावं लागतं. आणि अंगणात तेव्हा व्यापारी बैलाचे दात बघत होता.

मी रोज मेट्रोनं बिसेत्रवरून जातो. तिथल्या दवाखान्यात एकाला नुसतं "तां" म्हणता यायचं. १८६१ साली ब्रोका डॉक्टरांनी त्याला विचारलं, इथं येऊन किती वर्षं झाली? त्यानं पंजा चारदा उघडला, वर एक बोट. एकवीस. अगदी बरोबर! आठवडाभरात तो गेला. मेंदू पाहिला तर डावीकडचा पुढचा भाग खराब झालेला. चिडला की शिवी मात्र त्याच्या तोंडून साफ निघायची. अण्णांचं "मुडद्या" कसं खणखणीत येतं, ते मला तेव्हा उमगलं. रागाचं, पाठ असलेलं, चालीवरचं तोंडातून आपसूक निघतं. म्हणून तर एकादशीला टाळ वाजल्यावर त्यांनी अख्खा अभंग म्हणला आणि लगेच आईचं नाव काही सुचेना. आईला म्हणावं, मनाला लावून घेऊ नको.

"म्हणा, च-हा" असं लेकरागत घोकून घेऊ नका. टीव्ही बंद करून एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि थांबा. आपल्याला थांबवत नाही, हीच पंचाईत. हो-नाहीची कधीकधी अदलाबदल होते, तेव्हा चेहराही बघा. डाव्या हातात पाटी-खडू द्या, वेडंवाकडं चित्र काढलं तरी चालतं. लातूरला स्पीच थेरपिस्टकडं न्यायच्या गाडीभाड्याचं मी बघतो.

आता बैलांचं. ती देवणी जोडी अण्णांनी स्वतः हाळीच्या बाजारातून आणली होती. दादाला म्हणावं, इसार परत कर. दोन्ही बैल अण्णांसमोर उभे करा आणि विचारा, विकायचे का? मग पंजाकडं बघा.

तुमचा धाकटा दीर